ऑर्केस्ट्रातली पक्की नोकरी इतकी अवघड का?

प्रश्न पुण्याच्या एका वडिलांचा आहे. मुलगी 17 वर्षांची, लहानपणापासून व्हायोलिन शिकते, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांची शेवटची, आठवी ग्रेड डिस्टिंक्शनमध्ये झाली. बारावीनंतर जर्मनीत शिकायला जायचं आणि पुढे तिथल्याच एखाद्या सिंफनी ऑर्केस्ट्रात नोकरी धरायची, असं तिच्या मनात आहे. वडील विचारतात: "जो तो म्हणतो, पक्की नोकरी मिळणं जवळजवळ अशक्य. खरंच इतकं अवघड असतं की लोक उगाच बाऊ करतात? असेल तर नेमकं कशामुळे? आणि पाठवायचंच ठरलं तर आत्ताच एखादं महागाचं व्हायोलिन घेऊन द्यावं का?"

मी मूळची दादरची. जर्मनीतल्या एका मध्यम शहरात, ऑपेरा आणि सिंफनी दोन्ही वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं व्हायोला (व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या सुरांची बहीण) वाजवते. नोकरीसाठी वाजवून दाखवणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले आहे आणि आता मत देणाऱ्यांमध्ये बसते. त्यामुळे तपशिलात सांगेन ते जर्मनीचं. बाकी देशांबद्दल ओझरतं.

लोक बाऊ करत नाहीत. पण 'स्पर्धा फार आहे' हे जे कारण देतात ते अर्धंच आहे. स्पर्धा मेडिकलच्या प्रवेशालाही असते. तिथे निदान जागा किती, अभ्यासक्रम कोणता, कितव्या क्रमांकाला प्रवेश मिळाला, हे कळतं. तुमचा नंबर थोडक्यात हुकला तर पुढच्या यादीची आशा असते. इथे यातलं काहीच नाही. उत्तम वाजवणं ही दारापर्यंत पोचण्याची अट झाली. ती अट पुरी करणारे त्या दिवशी पंधरा-वीस जण असतात, आणि त्यांच्यातून निवड होते ती कोण सर्वांत थोर वाजवतं यावर नाही. तीस वर्षं शेजारी बसवायला कोणाबद्दल सर्वांत कमी शंका वाटते, यावर होते. तुमच्या मुलीला आजवर कोणत्याही परीक्षेत हे कोणी विचारलेलं नाही.

आधी जागांचा हिशोब. जर्मनीत सार्वजनिक पैशावर चालणारे 129 व्यावसायिक ऑर्केस्ट्रा आहेत. एका देशात एवढे दुसरीकडे शोधून सापडणार नाहीत, म्हणून तर जगभरचे वादक इथे येतात. पण 1992 मध्ये, दोन जर्मनी एक झाल्यानंतर, हाच आकडा 168 होता आणि जागा 12 हजारांच्या वर होत्या. आज जागा साधारण 9,700 उरल्या आहेत. काही ऑर्केस्ट्रा बंद पडले, काही एकमेकांत विलीन झाले; 2016 मध्ये श्टुटगार्टचा आणि बाडेन-बाडेन व फ्रायबुर्गचा असे दोन नावाजलेले रेडिओ ऑर्केस्ट्रा एकत्र केले, त्यावर बराच गदारोळ झाला, तरी निर्णय फिरला नाही.

आता या जागा रिकाम्या कधी होतात? पक्का झालेला माणूस निवृत्तीपर्यंत हलत नाही. पगार बरा, पेन्शन आहे, आणि दुसरीकडे जायचं तर पुन्हा पहिल्यापासून वाजवून दाखवावं लागतं, कोण जाईल? ट्यूबाचं, म्हणजे पितळेच्या त्या सर्वांत जाड आवाजाच्या वाद्याचं, उदाहरण घ्या. ऑर्केस्ट्रात ट्यूबावाला बहुधा एकच असतो, लहान ऑर्केस्ट्रात तोही नसतो. म्हणजे सगळ्या जर्मनीत सव्वाशेच्या आसपास ट्यूबावाले. एकेकजण तीसेक वर्षं खुर्ची सोडत नाही असं धरलं तर वर्षाला चार जागा. चार! त्याच वर्षी देशातल्या 24 सरकारी संगीत विद्यापीठांतून ट्यूबा शिकून बाहेर पडणारे, शिवाय मागच्या चार-पाच वर्षांतले राहिलेले, शिवाय ऑस्ट्रिया, हंगेरी, जपानहून आलेले. वीणेचं, म्हणजे हार्पचं, जवळपास तसंच. व्हायोलिनचं त्यातल्या त्यात बरं. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिला आणि दुसरा गट मिळून तीसेक व्हायोलिनं असतात, त्यामुळे जाहिराती सतत येतात. सध्या तर युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी निवृत्त होते आहे, म्हणून थोड्या जास्तच येतात. पण व्हायोलिन शिकणारेही त्याच प्रमाणात जास्त आहेत, आणि जाहिरात आली म्हणजे जागा भरली जातेच असं नाही. त्याकडे येते.

जाहिरात 'दास ऑर्केस्टर' या मासिकात किंवा हल्ली बहुतेक मुवाक नावाच्या ऑनलाइन पोर्टलवर येते. अर्ज तिथेच करायचा. पहिली चाळणी कागदावर होते, आणि माझ्या मते खरं घोडं इथेच पेंड खातं. अर्ज ढीगभर येतात, बोलावतात तीस-चाळीस जणांना, आणि प्रत्यक्ष येतात त्याहून कमी. अर्जात आम्ही काय बघतो? कोणाकडे शिकली, आणि कुठल्या ऑर्केस्ट्रात वाजवून आली. ज्याला अनुभव नाही त्याला बोलावत नाहीत, आणि बोलावल्याशिवाय अनुभव मिळत नाही. हा फेरा तोडायला अकादमी असतात: मोठे ऑर्केस्ट्रा तरुण वादकांना विद्यावेतन देऊन एक-दोन वर्षं आपल्यात बसवून वाजवायला घेतात. बर्लिन फिलहार्मोनिकची अकादमी तिथला तेव्हाचा मुख्य कंडक्टर कारायान याने 1972 च्या सुमारास सुरू केली. आता बहुतेक नावाजलेल्या ऑर्केस्ट्रांची आपापली अकादमी आहे. तिथे घेण्यासाठीही वाजवून दाखवावंच लागतं, आणि ती स्पर्धा नोकरीपेक्षा फार सौम्य नसते. पण अर्जावर 'अमुक अकादमी' ही ओळ आली की बोलावणी यायला लागतात. ती ओळ नसेल तर काही ऑर्केस्ट्रा आधी एक वेगळी पूर्वफेरी घेतात किंवा व्हिडिओ मागवतात.

वयाचं कोणी लिहीत नाही, लिहिणं कायद्याला धरून होणारही नाही. पण तिशी ओलांडलेल्या आणि अजून पक्की नोकरी न केलेल्या माणसाच्या अर्जावर टेबलाभोवती एक क्षण शांतता पसरते, हे मी पाहिलंय. "आतापर्यंत कोणी का घेतलं नाही?" एवढं कोणीतरी पुटपुटतं. मला हे अन्यायाचं वाटतं, मी तसं बोलूनही दाखवते. फरक थोडाच पडतो.

आता प्रत्यक्ष दिवस. सकाळी नऊ-साडेनऊला सगळे थिएटरच्या मागच्या दाराने येतात. चिठ्ठ्या काढून क्रम ठरतो. मग एका मोठ्या खोलीत वीसेक व्हायोलिनवाले एकाच वेळी तोच मोझार्ट वाजवत असतात, कोणी भिंतीकडे तोंड करून, कोणी कानात बोळे घालून. शेजारचा आपल्यापेक्षा वेगाने वाजवतोय हे ऐकून स्वतःचा वेग वाढवणारे तिथेच अर्धे हरतात. पियानोवर साथ करणारी व्यक्ती अनोळखी असते. तिच्याबरोबर तालमीला दोन-चार मिनिटं मिळतात, कधी तीही नाहीत. प्रवासाचा, हॉटेलचा खर्च बहुधा आपला आपण करायचा.

पहिल्या फेरीला व्हायोलिनसाठी मोझार्टच्या कन्सर्टोचा, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा, पहिला भाग मागतात, बहुतेकदा चौथा किंवा पाचवा. आम्हा व्हायोलावाल्यांना श्टामित्झ नाहीतर होफमाइस्टर या संगीतकारांचा. पाचवा, ए मेजरचा, कन्सर्टो ऐकला असेल तर आठवेल: ऑर्केस्ट्राची जोरदार प्रस्तावना होते आणि मग एकल व्हायोलिन अनपेक्षितपणे फक्त सहा मापांचं (म्हणजे तालाच्या सहा छोट्या आवर्तनांचं) संथ अदाजिओ घेऊन येतं. वेगवान काही नाही, अवघड बोटं नाहीत. एक लांब, शांत, उजळ सूर, तो पुढच्या सुरात विरघळवायचा, गज न थरथरता. अकरा वर्षांचं मूलही हे वाजवू शकतं. आणि त्याच सहा मापांत, उमेदवार दिसू नये म्हणून लावलेल्या पडद्यामागे बसलेल्या चाळीस जणांना कळतं की या माणसाचा उजवा हात भीतीने घट्ट झालाय की नाही. भीती गजात उतरते, डाव्या हातात नाही. तिथे पहिला सूर कापला की पुढचं वेगवान अलेग्रो कितीही झळाळो, ऐकणाऱ्याची मान आधीच खाली गेलेली असते. काही जण यासाठी डॉक्टरांकडून रक्तदाबाची, धडधड कमी करणारी गोळी घेतात; या धंद्यात ते उघड गुपित आहे. दम्याच्या माणसाला ती धोक्याची असते, म्हणून मैत्रिणीच्या डबीतून उचलून घेण्याची ती गोष्ट नव्हे.

सात-आठ मिनिटं, कधी त्याहून कमी, आणि आतून आवाज येतो: "डांके." धन्यवाद. वीस वर्षांचा रियाज आणि एक डांके.

मग मत. सगळ्या ऑर्केस्ट्राला हजर राहण्याचा हक्क असतो आणि ज्या वाद्याची जागा आहे त्या गटाच्या मताला जास्त वजन. नेमके नियम ऑर्केस्ट्रागणिक बदलतात. चर्चा फार होत नाही, व्हायची नसतेही. हात वर करायचे नाहीतर चिठ्ठी टाकायची. चार-पाच जण दुसऱ्या फेरीला जातात, तिथे ब्राम्स, चायकोव्हस्की, सिबेलियस अशा एखाद्या रोमँटिक शैलीच्या संगीतकाराचा कन्सर्टो. तिथून दोन-तीन जण तिसऱ्या फेरीला, आणि तिसरी फेरी ऑर्केस्ट्रातल्या उताऱ्यांची.

हे उतारे म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण भारतात शिकणाऱ्यांना ते बहुधा कोणी शिकवत नाही. आपण वर्षानुवर्षं एकल वादनाचं शिक्षण घेतो. नोकरी मात्र समूहात वाजवण्याची. तर परीक्षेत त्या समूहाच्या संगीतातले सर्वांत निसरडे तुकडे काढून एकट्याने, साथीशिवाय वाजवायला लावतात. श्ट्राउसच्या 'डॉन जुआन'चं पहिलं पान, मोझार्टच्या 39 व्या सिंफनीचा शेवटचा भाग, शूमानच्या दुसऱ्या सिंफनीतलं स्केर्त्झो (म्हणजे चपळ, खेळकर भाग), मेंडेल्सझोनच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधलं स्केर्त्झो. शॉट प्रकाशनाची अशा उताऱ्यांची वाद्यवार पुस्तकंच मिळतात, जगभर तीच चालतात.

मेंडेल्सझोनचंच घ्या. तीन-आठचा ताल, अगदी हळू आवाज, गज तारेवर उड्या मारत हलका पडला पाहिजे. घरी एकटीने वाजवताना दहाव्या मापापर्यंत बहुतेकांचं नकळत पुढे पळायला लागतं. पळतंय हे वाजवणाऱ्याला कळत नाही. आम्हाला कळतं, कारण आमच्यापैकी निम्मे लोक बसल्या जागी पायाच्या अंगठ्याने ठेका धरून असतात. दुसरं, हळू म्हणजे खरंच हळू. उमेदवार दाखवण्यासाठी वाजवतो, म्हणून आवाज भरीव ठेवतो. आम्हाला ऐकायचं असतं की ही मुलगी बासरीच्या खाली लपू शकेल का. सूर, ठेका, आणि मागे पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजतोय असं तिच्या डोक्यात ऐकू येतंय का. हे शेवटचं लगेच समजतं. ज्याच्या डोक्यात ऑर्केस्ट्रा वाजत असतो तो विश्रांतीच्या मापातही श्वास घेतो. ज्याने फक्त आपली ओळ घोटली आहे तो विश्रांती मोजतो.

आणि मग संध्याकाळी पाचला, दिवसभर ऐकून झाल्यावर, पुष्कळदा असं होतं की शेवटच्या दोघांपैकी कोणालाच बहुमत मिळत नाही. जागा भरली नाही, पुन्हा जाहिरात काढू. वाचकाला हे चमत्कारिक वाटेल: चांगले वाजवणारे वीसेक जण आले आणि एकही घेतला नाही? पण मत देणाऱ्यांच्या बाजूने विचार करा. पटलेला नसताना घेतला तर तो पुढची तीस वर्षं शेजारी आहे. न घेतल्याने फार तर एक वर्ष बदली वादकांवर भागवावं लागेल. तोटा लहान, त्यामुळे 'नाही' म्हणणं स्वस्त पडतं. माझ्या मते ही व्यवस्था गरजेपेक्षा जास्त सावध आहे, अकारण लोकांची वर्षं जातात. तरी मी स्वतः किती वेळा हात खाली ठेवलाय!

पडद्याबद्दल लोक नेहमी विचारतात. उमेदवार आणि ऐकणारे यांच्यात पडदा लावायची रीत अमेरिकेतली; बॉस्टन सिंफनीने 1952 मध्ये ती वापरली आणि 1970-80 च्या दशकांत तिथे पसरली. बुटांच्या टाचांवरून बाई आहे हे कळू नये म्हणून गालिचा अंथरण्यापर्यंत काळजी घेतात. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राऊस या अर्थतज्ज्ञांनी 2000 मध्ये यावर प्रसिद्ध अभ्यास केला, स्त्रियांना पडद्याचा फायदा झाला असा त्यांचा निष्कर्ष. नंतर त्यातल्या आकडेमोडीवर आक्षेपही घेतले गेले. जर्मनीत पडदा बहुधा पहिल्या फेरीपुरता असतो, नंतर काढतात. आपल्या नावाच्या, आपल्या रंगाच्या मुलीला त्याचा उपयोग होतो का? वाजवण्याच्या फेरीत होतो. पण अर्ज चाळणाऱ्यांसमोर पडदा नसतो, आणि गाळणी मुख्यतः तिथेच लागते हे वर सांगितलंच. कोरियन आणि जपानी वादकांनी इथला रस्ता बराच रुळवून दिलाय. आशियाई नाव बघून आता कोणी दचकत नाही.

समजा निवड झाली. घरी पेढे वाटू नका अजून. पुढे परीक्षाकाळ असतो, सहसा एक वर्षाचा, आणि तो संपायच्या आत ऑर्केस्ट्रा पुन्हा मत देतो. खरी परीक्षा हीच, असं मी नव्याने आलेल्यांना सांगते. आमच्यासारख्या ऑपेरा-घरात ती अशी होते: मंगळवारी संध्याकाळी पुच्चिनीचा 'ला बोएम' हा ऑपेरा आहे, प्रयोग जुना, गेल्या मोसमात बसवलेला, त्यामुळे तालीम नाही. नवी मुलगी सात वाजता रंगमंचापुढच्या, ऑर्केस्ट्रा बसतो त्या खड्ड्यात येऊन बसते. त्या संगीतात लय क्षणोक्षणी सैल होते, आवळते. गायकाने वरच्या सुरावर जरा जास्त रेंगाळायचं ठरवलं की कंडक्टर थांबतो, आणि आपण पानात बघत राहिलो तर एकटेच पुढे वाजवून मोकळे. सूरलिपीच्या प्रत्येक स्टँडवर दोघे. आतल्या बाजूला बसलेल्याने पान उलटायचं, ते सुद्धा शेजाऱ्याची ओळ संपायच्या आत पण त्याला दिसेनासं न करता. गज कुठल्या दिशेने न्यायचा हे गटप्रमुख ठरवतो, तो ऐनवेळी बदलला तर पेन्सिलीने लगेच लिहायचं, आणि पेन्सिल पडता कामा नये. गजाचा कुठला भाग वापरायचा ते पुढच्या स्टँडकडे बघून. आवाज इतकाच की आपला आपल्याला वेगळा ऐकू आला तर जरा जास्त झालाय असं समजावं. यातलं काहीही एकल कन्सर्टोत येत नाही. म्हणून परीक्षेत सगळ्यांना दिपवणारे काही जण परीक्षाकाळात पडतात, आणि काठावर निवडलेले काही जण डिसेंबरपर्यंत असे बसतात जणू कायमचे इथलेच.

बोलणं-वागणंही मोजलं जातं, हे खोटं कशाला सांगू. फार बोलणारा खपत नाही. अजिबात न बोलणारा, कॅन्टीनमध्ये एकटा बसणाराही नाही. दुपारच्या कॉफीला जर्मन बोलता आलं नाही तर गैरसमज होतात, आणि त्या गैरसमजांची चिठ्ठी मतपेटीत पडते.

कंडक्टरच्या हातात सगळं असतं हा समज चित्रपटांतला. 1982 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये कारायानला क्लॅरिनेटसाठी झाबीने मायर हवी होती. वादन अप्रतिम, वय जेमतेम तेवीसच्या आसपास. ऑर्केस्ट्राने मत घेतलं: 73 विरुद्ध, 4 बाजूने. कारण असं दिलं की तिचा आवाज बाकीच्यांत मिसळत नाही. खरं कारण ती स्त्री असणं होतं, की म्हातारा होत चाललेल्या कारायानला धडा शिकवणं होतं, यावर आजही वाद घालतात. त्याच वर्षी तिथे माडलेन कारुझो ही पहिली स्त्री व्हायोलिनवर आली होती, हेही खरं. विरोध असूनही मायरला परीक्षाकाळावर घेतलं गेलं, पण 1984 मध्ये ती स्वतःहून बाहेर पडली आणि जगातल्या मोठ्या क्लॅरिनेटवादकांपैकी एक झाली. म्हणजे वाजवण्यात उणं काढण्यासारखं काहीच नव्हतं, आणि जागतिक कीर्तीचा कंडक्टर पाठीशी होता, तरी पक्की नोकरी हाती लागली नाही.

इतर देशांत रीत वेगळी, दुखणं तेच. ब्रिटनमध्ये वाजवून दाखवल्यावर काही जणांना आळीपाळीने बोलावून महिनोन्महिने वाजवून बघतात, मग ठरवतात. आणि लंडन सिंफनीसारखे मोठे ऑर्केस्ट्रा वादकांच्याच मालकीचे, तिथे सभासद झालात तरी पगार नाही, वाजवाल त्या दिवसाचे पैसे. अमेरिकेत अगदी वरच्या ऑर्केस्ट्रांचा पगार डोळे दिपवणारा, पण जागा थोड्या आणि संगीत दिग्दर्शकाचा शब्द शेवटचा. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये थेट शिरताच येत नाही: आधी तिथल्या सरकारी ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात जागा मिळवायची, तिथे तीन वर्षं काढायची, मग अर्ज.

आणि आपल्याकडे? मुंबईत 2006 मध्ये एनसीपीए या कलासंस्थेने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचा व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव यांच्या पुढाकाराने. देशातला हा एकमेव व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा. मोसमात वाजवणारे बरेच जण परदेशातून येतात, कायम मुंबईत राहणारा गट लहान. त्याआधीची परंपरा नव्हती असं नाही. मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी काढली होती, पण त्यावर पोट भरणं शक्य नव्हतं. ते स्वतः पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला गेले, त्यांचा मुलगा झुबिन व्हिएन्नाला शिकायला. गोव्याच्या चर्चच्या शाळांत सूरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली कितीतरी माणसं हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवायला आली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं माहीत असतील. त्यांच्यातले अनेक कुठल्याही युरोपीय ऑर्केस्ट्रात शोभले असते. पण तेही दिवसाच्या पैशावर. सिंथेसायझर आला तसं काम आटलं.

आता तुमच्या मुलीचं. आठवी ग्रेड डिस्टिंक्शनमध्ये, हे कौतुकाचं आहेच. पण इथल्या संगीत विद्यापीठाच्या प्रवेशासाठी येणारी अठरा वर्षांची मुलं बाखचं एकल वादन, मोझार्टचा कन्सर्टो आणि पागानिनी किंवा त्या तोडीचं काहीतरी घेऊन येतात. ट्रिनिटीच्या मापात मोजायचं तर आठवीनंतरच्या डिप्लोम्यांच्या जवळपास. तेव्हा बारावीनंतर लगेच नको. एक वर्ष हातात ठेवा, त्यात रोज चार तास वाजवणं आणि बी-वन या मधल्या पातळीपर्यंत जर्मन. विद्यापीठाआधी शिक्षक निवडा, कारण इथे प्रवेश प्रत्यक्षात शिक्षकाच्या वर्गात मिळतो. दोन-चार प्राध्यापकांना लिहून चाचणी-धडा मागा, बरेच देतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सहामाहीला 1,500 युरो पडतात. राहण्याखाण्याचे वर्षाला सुमारे 12 हजार युरो व्हिसासाठी बँकेत दाखवावे लागतात. पदवी चार वर्षं, वर मास्टर्स दोन, आणि शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. ते 18 महिने या धंद्यात फार कमी आहेत. म्हणून मास्टर्स चालू असतानाच अकादमीसाठी वाजवायला लागायचं, संपल्यावर नव्हे.

आणि पक्की जागा नाहीच मिळाली तर? बहुतेकांना लगेच मिळत नाही, काहींना कधीच नाही. ते बदली वादक म्हणून वाजवतात, एक-दोन वर्षांच्या मुदतीच्या जागा घेतात, शहराच्या संगीत शाळेत शिकवतात. कलाकारांसाठी इथे वेगळा सामाजिक विमा आहे, त्यात वर्गणीचा निम्मा भार स्वतंत्र कलाकारावर पडत नाही, त्यामुळे माणूस उघड्यावर येत नाही. माझ्या ओळखीत असे काही जण आहेत की ज्यांना मी आमच्या गटात डोळे झाकून घेईन, आणि ते चाळिशीत संगीत शाळेत शिकवतात. त्यातल्या सगळ्यांना त्याचं दुःख आहे असंही नाही. तिला विचारा, ऑर्केस्ट्रात बसायला आवडतं की एकटीने टाळ्या घ्यायला. दुसरं उत्तर आलं तर पक्की खुर्ची मिळूनही ती कंटाळेल. व्हायोला हातात धरून बघायला हरकत नाही, हेही सुचवते. माझा स्वार्थ आहे त्यात, पण व्हायोलाला स्पर्धा किंचित कमी असते आणि व्हायोलिनवरून येणं सोपं.

व्हायोलिन आत्ता घेऊ नका. पुण्याच्या पावसाळ्यात सवयीचं झालेलं लाकूड इथल्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत आलं की जोड उकलतात, क्वचित तडाही जातो. शिवाय इथला शिक्षक पहिल्या वर्षातच म्हणणार की वाद्य बदल, आणि भारतात घेतलेलं महागडं वाद्य इथे त्या किमतीला जात नाही. बऱ्याच विद्यापीठांकडे आणि काही संस्थांकडे चांगली वाद्यं वापरायला मिळतात, त्यासाठीही वाजवून दाखवावं लागतं. आहे त्याच व्हायोलिनची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती), आतली काठी आणि तारा एखाद्या जाणत्या कारागिराकडून नीट बसवून घ्या. पैसे घालायचेच असतील तर गजात घाला. बऱ्या गजाने साधं व्हायोलिनही खूप बोलतं, वाईट गजाने ते मोझार्टचं अदाजिओ कोणालाच जमणार नाही. उरलेली रक्कम चाचणी-धड्यांच्या एका फेरीसाठी ठेवा: दोन-तीन शहरं, मे महिन्यात, प्रवेशाच्या चाचण्यांआधी.